आरोग्य प्रश्नोत्तरे : अपंगत्वाच्या आड राहणारे आजार

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम असून तो ३१ वर्षांचा आहे. गेल्या काही महिन्यांत तो फार मंदावला आहे. भाकरी नको म्हणतो, नुसता आमटीभात मागतो, दुपारी बसल्या जागी झोपतो आणि रंकाळ्यावर फिरायलाही येत नाही. डॉक्टरांना दाखवले, तर ‘या मुलांचं असंच असतं’ एवढेच उत्तर मिळाले. आता काय करावे?
– एक भगिनी, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, त्या उत्तरावर आपण थांबू नये. डाऊन सिंड्रोम जन्मापासून आहे. काही महिन्यांत झालेला बदल त्याच्या माथी मारता येत नाही, त्याचे वेगळे कारण शोधावेच लागते. अशा प्रौढांमध्ये थायरॉईडचे काम मंदावण्याचे प्रमाण बरेच अधिक असते, आणि सुस्ती, बद्धकोष्ठता, वाढते वजन ही त्याची लक्षणे ‘स्वभाव’ म्हणून सहज खपून जातात. म्हणून थायरॉईडचे काम दाखवणारी टीएसएचची रक्ततपासणी आधी करून घ्यावी आणि पुढेही दरवर्षी करावी.

भाकरी नको पण आमटीभात चालतो, हा आपण दिलेला तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दाढ किडलेली किंवा हिरड्या सुजलेल्या असतील, तर दुखणे शब्दांत सांगता न येणारा माणूस चावणेच टाळतो. तो एकाच बाजूने चावतो का, गालाला हात लावतो का, हे जेवताना समोर बसून पाहावे आणि दंतवैद्यांना जसेच्या तसे सांगावे. दिवसाच्या झोपेचे मूळ रात्रीत असू शकते. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, तर मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे. कान आणि डोळेही तपासावेत, आणि घरात कोणाचे निधन किंवा ताटातूट झाली असल्यास नैराश्याचा विचार व्हावा. स्मृतिभ्रंश अशा व्यक्तींना इतरांपेक्षा लवकर, बहुधा चाळिशीनंतर गाठतो. पण ३१व्या वर्षी तो निष्कर्ष काढण्याआधी वरील तपासण्या झाल्याच पाहिजेत.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) जवळ ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये तपासणी व उपचारांत प्राधान्याची तरतूद आहे. भाऊ रांगेत बेचैन होत असेल, तर ते मागण्यात संकोच नको. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही.

प्रश्न : अपघातात मणक्याला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअरवर आहे. बैठकीच्या जागी लालसर डाग दिसतो, दुखत मात्र नाही. काळजीचे कारण आहे का?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : आहे. संवेदना गेल्यामुळे वेदना होत नाही, म्हणून डोळ्यांनीच पहारा ठेवावा लागतो. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर ती दाबजखमेची सुरुवात समजावी, त्या जागेवर बसणे लगेच थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. एरवी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून भार हलवावा आणि रोज रात्री आरशात पाठीमागची त्वचा पाहावी. गढूळ, दुर्गंधीयुक्त लघवीसोबत ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक ठणकणारी डोकेदुखी व घाम सुरू झाला, तर ताठ बसून कपडे सैल करावेत, लघवीची नळी मुरगळली आहे का ते पाहावे आणि क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा.