प्राथमिकच्या वर्गात शिकवताना बालविकासाच्या टप्प्यांचा खरोखर उपयोग होतो का?

आपण डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करीत आहात आणि स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मांडलेले बालविकासाचे टप्पे पहिली ते पाचवीच्या वर्गात उपयोगी पडतात की केवळ परीक्षेपुरते असतात, असे आपण विचारले आहे. उपयोग होतो, मात्र तपासणीला येणारे साहेब ज्या कामासाठी ते टप्पे उच्चारतात, त्या कामासाठी नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागात मी बावीस वर्षे पहिली-दुसरीच शिकवली, म्हणून त्यातील एका मुलीबद्दल लिहिते.

मुलगी दुसरीत, वय सात. घरची भाषा तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. ‘सत्तावीस’ म्हटले की ती पाटीवर ७२ लिहीत असे आणि २७ अधिक १५ ही हातच्याची बेरीज दिली की उत्तर ३१२ येई. मी बाकावर आठ-आठ शेंगदाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या, तेव्हा त्या सारख्या असल्याचे तिने सांगितले. मग तिच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवून तोच प्रश्न विचारला, तर तिने लांब ओळीवर बोट ठेवले. मोजायला लावल्यावर दोन्हीकडे आठच भरले, तरी बोट हलले नाही. पियाजे यांच्या मांडणीत २ ते ७ वर्षे ही पूर्वक्रियात्मक (दिसते त्यावरून ठरवण्याची) आणि ७ ते ११ ही मूर्त क्रियात्मक (समोरच्या वस्तूंच्या आधाराने तर्क करण्याची) अवस्था असल्यामुळे ही मुलगी नेमकी उंबरठ्यावर आहे, असे मी ठरवले.

त्याच आठवड्यात वर्गतपासणी झाली. ‘मुलगी अजून त्या टप्प्याला पोचलेली नाही, तिला हातचा देऊ नका,’ असे साहेब तोंडाने म्हणाले आणि शेरेबुकात ‘शेंगदाण्यांसारख्या साहित्यात वेळेचा अपव्यय’ असे लिहून गेले. टप्पा मान्य असलेल्या माणसाला त्या टप्प्यावरच्या मुलाला लागणारे साहित्य मात्र मान्य नसावे, हे मला आजही उमगलेले नाही.

पुढे पालकभेटीसाठी मी तिच्या घरी गेले. आईपुढच्या सुपात पंचवीस-पंचवीस विड्यांची चौतीस बंडले होती आणि या मुलीने ती तेलुगूत मोजून, हजार व्हायला अजून सहा हवीत, असे आईला सांगितले. गट करणे आणि गटांचाही गट करणे तिला येत होते. तेलुगूत सत्तावीसला ‘इरवै एडु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग सात, अगदी आकड्यात लिहितात त्याच क्रमाने. मराठीत सात आधी ऐकू येतो आणि ती बिचारी ऐकल्या क्रमाने लिहीत होती. हा दोष वयाचा नव्हता, आमच्या संख्यानामांचा होता. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणि महिनाभर ‘दोन दशक सात’ असेच म्हणवून घेतल्यावर ७२ थांबले, आणि दहा सुट्या काड्यांचा गठ्ठा बांधून दशकाच्या घरात सरकवताना हातचाही तिला उमगला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ या धर्तीचे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर विनोद झाले. मला त्यातल्या एकावरही हसू आले नाही.

तेव्हा पाठ टाचणात ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ लिहिण्याआधी ते मूल घरी काय मोजते आणि कोणत्या भाषेत मोजते, हे पाहून या. चौथी-पाचवीबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही. अपूर्णांकाला भाकरीचे तुकडे लागतात, एवढे सहकाऱ्यांच्या वर्गात पाहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. एडिनबर्गमध्ये मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हाच ओळींचा प्रयोग केला, पण ओळ मोठ्या माणसाने न लांबवता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून ‘चुकून’ विस्कटवली. तेव्हा तशाच लहान मुलांपैकी कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. बाई तोच प्रश्न पुन्हा विचारतात म्हणजे पहिले उत्तर चुकले असावे, असे माझ्या वर्गातल्या त्या मुलीलाही वाटले असेल. साहेबांशी वाद घालताना मी शेंगदाण्यांचाच पुरावा पुढे केला होता आणि तो तितकासा पक्का नव्हता. शेरा मात्र तरीही चुकीचाच होता.