समाधानाचा फॉर्म भरून घ्या, पण उत्पादनाचा आकडा रजिस्टरमधून काढा

तुमचा बेत थोडक्यात असा: चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १०० कामगारांकडून गूगल फॉर्म भरून घ्यायचा. त्यात वीस प्रश्न समाधानाचे आणि दहा ‘मी माझं टार्गेट वेळेत पूर्ण करतो’ अशा धर्तीचे. मग एमबीएच्या प्रोजेक्टमध्ये दाखवायचं की समाधानाने उत्पादकता वाढते. माझी नोकरी कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात झाली आणि अशी प्रोजेक्टं मी बरीच पाहिली आहेत. या पद्धतीने संबंध हमखास दिसेल, पण तो खरा आहे की नाही हे मात्र कळणार नाही.

एकाच माणसाने एकाच बैठकीत दोन्हींबद्दल सांगितलं की त्या दिवशीची त्याची मनःस्थिती दोन्ही उत्तरांत उतरते. शिवाय फॉर्म कंपनीकडून आला आहे असं वाटलं की कंत्राटी कामगार सगळीकडे ‘सहमत’वर खूण करतो. उद्या गेटपास बंद होऊ नये ही त्याची काळजी असते, आणि ती रास्त आहे.

समाधानाने कामगिरी सुधारते का, हा प्रश्न जुना आहे. १९५५ साली ब्रेफील्ड आणि क्रॉकेट या संशोधकांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांत त्यांना फारसा संबंध सापडला नाही. १९८५ मध्ये इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी काढलेला सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.१७ होता. २००१ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, म्हणजे ५४ हजारांहून जास्त माणसं, एकत्र घेऊन मोजमापातल्या त्रुटींची दुरुस्ती केली आणि तो ०.३० वर आला. त्याचा वर्ग केला की कळतं, कामगिरीतल्या फरकापैकी साधारण ९ टक्के फरक समाधानाशी जोडता येतो. हा आकडा क्षुल्लक नाही, पण ‘समाधानी कामगार म्हणजे जास्त उत्पादन’ असं छातीठोक सांगण्याइतका मोठाही नाही. गुंतागुंतीच्या, स्वतःच्या अकलेने करायच्या कामांत हा संबंध जास्त घट्ट दिसला.

तुमच्यासाठी नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. असेंब्ली लाइनवर वेग कन्व्हेयर ठरवतो. माणूस खूश असो वा वैतागलेला, तासाला तेवढेच नग पुढे जातात. तिथे नग मोजून काही हाती लागणार नाही. त्याची नाराजी दिसते ती रिजेक्शनमध्ये (नापास झालेल्या नगांत), रिवर्कमध्ये (पुन्हा कराव्या लागलेल्या कामात), न सांगता मारलेल्या दांड्यांत आणि नोकरी सोडण्यात. म्हणून आधी कारखान्यात दोन दिवस नुसते फिरा आणि आपला वेग स्वतःच्या हातात असलेले कामगार कोणते ते शोधा: टूलरूम, मेंटेनन्स, हाताने होणारं फिनिशिंग. त्यांची तुलना आपसांतच करा. एकाच प्रकारच्या मशीनवरचे, एकाच शिफ्टचे लोक घ्या, नाहीतर जुन्या मशीनच्या ब्रेकडाउनचं खापर तुम्ही माणसाच्या असमाधानावर फोडाल.

कशामुळे काय होतं, या दिशेचा प्रश्नही आहेच. लॉलर आणि पोर्टर यांनी १९६७ मध्ये उलट मांडणी केली: चांगलं काम केलं, त्याचा योग्य मोबदला मिळाला, म्हणून समाधान आलं. इन्सेंटिव्ह असलेल्या खात्यात ही शक्यता मोठी. यावर तुमच्या आवाक्यातला उपाय म्हणजे आज समाधान मोजायचं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचे आकडे घ्यायचे. मागच्या तीन महिन्यांचेही घ्या, म्हणजे जो आधीपासूनच चांगलं काम करत होता तो ओळखता येईल.

भारतातले दोन अभ्यास जरूर वाचा. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशात केलेल्या प्रयोगात सोबत्यांपेक्षा कमी मजुरी मिळालेल्यांचं उत्पादन आणि हजेरी, दोन्ही घसरली. पण कोण किती काम करतो हे जिथे सर्वांना दिसत होतं, तिथे मजुरीतल्या फरकाने तशी घसरण झाली नाही. चाकणमध्ये एकाच लाइनवर पर्मनंट आणि कंत्राटी शेजारी उभे असतात, काम तेच आणि पगारात मोठं अंतर. हा भेद तुमच्या प्रश्नावलीत नसेल तर सगळ्यात मोठं कारणच सुटलं. माझ्या मते खरं प्रोजेक्ट इथेच आहे.

दुसरा अभ्यास बेंगळुरूच्या कपडे कारखान्यांतला, अच्युत अध्वर्यू आणि सहकाऱ्यांचा. वेतनवाढ अपेक्षेपेक्षा कमी आल्यावर काही कामगारांना निनावी सर्वेक्षणात कामाची परिस्थिती, सुपरवायझर आणि समाधान यांबद्दल मत विचारलं गेलं. नुसत्या त्या विचारण्याने नोकरी सोडण्याचं आणि गैरहजेरीचं प्रमाण कमी झालं. म्हणजे तुमचा फॉर्म हाही कारखान्यात घडलेला एक बदलच असतो. शक्य असेल तर ज्यांना फॉर्म दिलाच नाही अशा गटाचे एकूण आकडेही सोबत ठेवा.

फॉर्मसाठी स्वतः प्रश्न रचत बसू नका. पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची ३६ प्रश्नांची मापनी घ्या. तिच्यात पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी असे नऊ पैलू वेगवेगळे मोजता येतात. वापरण्याच्या अटी आधी बघून घ्या. मराठी आणि हिंदी अनुवाद करून चार-पाच कामगारांना वाचायला द्या. जिथे ते अडखळतील तिथे वाक्य बदला. नावाऐवजी कोड द्या, आणि कोड कुणाचा याची यादी फक्त तुमच्याकडे आणि गाइडकडे राहू द्या. एचआरने मागितली तरी द्यायची नाही, आणि हे परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या. फॉर्म सुपरवायझरच्या हातून वाटू नका. कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, स्वतः बसा. वेतनकराराची बोलणी चालू असताना किंवा दिवाळीच्या बोनसच्या तोंडावर जाऊ नका, त्या दिवसांत सगळी उत्तरं त्या एकाच विषयाची येतात.

कंपनी माणसागणिक उत्पादनाचे आकडे द्यायला बहुधा नाही म्हणेल. तसं झालं तर हजेरी मागा, पण तीही कामगाराची लेखी संमती घेऊनच. मग विषयाचं नाव बदलून ‘समाधान आणि गैरहजेरी’ करा. सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) अजून मंजूर व्हायचा असेल तर हा बदल या आठवड्यातच गाइडच्या कानावर घाला.