गेजवर हवा पूर्ण असूनही उतारावर ट्रकचे ब्रेक कमी का लागतात?

काटा 8 बारवर, गळतीचा आवाज नाही, सपाटीवर गाडी नीट थांबते. पण माल भरून लांब उतार उतरताना पेडल दाबूनही गाडी धरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कॉम्प्रेसरला हात लावण्याआधी प्रत्येक चाकाच्या पुशरॉडची (ब्रेक चेंबरमधून बाहेर सरकणाऱ्या दांड्याची) चाल मोजा. गेज फक्त टाकीतलं प्रेशर सांगतं. त्या हवेचा जोर ड्रमपर्यंत पोचतोय का, हे त्यावर कळत नाही.

चेंबरमधला (चाकाजवळच्या हवेच्या डब्यातला) डायाफ्राम म्हणजे रबरी पडदा पुशरॉड ढकलतो, पुशरॉड स्लॅक अ‍ॅडजस्टर (चाल कमी-जास्त करता येणारा दांडा, थोडक्यात स्लॅक) फिरवतो, त्याने एस-कॅम फिरून लायनर लावलेले शू ड्रमवर दाबले जातात. साध्या टाइप 30 (चेंबरच्या मापाचा आकडा) चेंबरची पूर्ण चाल सुमारे 64 मिमी. त्यातली 51 मिमीपेक्षा जास्त लागत असेल तर तो ब्रेक सैल समजा. लायनर झिजला की चाल वाढते. त्यात उतारावर ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून आणखी लांब जातो. गार असताना कसाबसा मर्यादेत बसणारा ब्रेक तापल्यावर चालीच्या टोकाला पोचतो. मग पाय कितीही दाबा, पुशरॉड पुढे सरकत नाही. सपाटीवर दोष लपतो तो यामुळेच.

मोजायचं असं: गाडी सपाट जागी, चाकांना पुढे-मागे ठोकळे, पार्किंग ब्रेक सोडलेला (तो लागलेला असेल तर पुशरॉड आधीच बाहेर असतो आणि माप चुकतं). इंजिन बंद. पेडल मारून प्रेशर 6.2 ते 6.9 बारवर आणा. पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूची खूण करा, दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते मोजा. टाइप 30 चाच लाँग स्ट्रोक (जास्त चालीचा) चेंबर असेल तर 51 ऐवजी मर्यादा 64 मिमी. हवेच्या जोडणीभोवतीचा उठाव चौकोनी असेल तर तो लाँग स्ट्रोक. एकाच एक्सलच्या दोन बाजूंत मोठा फरक आला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणार.

हाताने सेट करायचा स्लॅक असेल तर लॉकिंग स्लीव्ह (बोल्टला फिरण्यापासून अडवणारी कडी) आत दाबून बोल्ट लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. घट्ट करताना कॅम ब्रेक लागण्याच्या दिशेनेच फिरायला हवा. पुशरॉड चेंबरमधून बाहेर ओढला जात असेल तर बोल्ट उलटा फिरतोय. शेवटी स्लीव्ह परत बाहेर आली का तेही बघा, नाहीतर सेटिंग हळूहळू सुटतं.

ऑटोमॅटिक स्लॅक मात्र पाना लावून घट्ट करत बसू नका. त्याची चाल वाढलीय म्हणजे क्लेव्हिस पिन (पुशरॉड स्लॅकला जोडणारी) किंवा कॅम बुश झिजलाय, नाहीतर तो चुकीचा बसवलाय. घट्ट केलं की चार दिवस बरं वाटतं, दोष तसाच राहतो.

गळती कानाने ठरवू नका. टाक्या भरून इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडलेलाच ठेवा: एका मिनिटात 2 पीएसआयपेक्षा (1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय) जास्त उतरता कामा नये, ट्रेलर जोडलेला असेल तर 3. पेडल दाबून धरल्यावर, पहिली उतरण सोडून, अनुक्रमे 3 आणि 4. (मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच धरा.) फक्त पेडल दाबल्यावरच हवा उतरत असेल तर चेंबरचा डायाफ्राम, त्याचा पाइप नाहीतर फूट व्हॉल्व्ह (पेडलचा व्हॉल्व्ह) तपासा, साबणाचं पाणी लावलं की जागा सापडते. पुढे पेडल मारत प्रेशर उतरवा: 60 पीएसआयच्या आधी कमी हवेचा बझर वाजायला हवा आणि 20 ते 45 च्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा पार्किंग ब्रेक) आपोआप लागायला हवा.

टाक्यांचं पाणी रोज काढा. थोडं पाणी येणं वेगळं. दुधासारखं पांढरं आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ते तेल एअर ड्रायरचं (हवेतली ओल काढणाऱ्या भागाचं) कार्ट्रिज खराब करतं.

मागच्या स्प्रिंग चेंबरमधून हवा जात असेल तर क्लॅम्प खोलून आत बघायचा मोह टाळा. आतली स्प्रिंग माणूस मारू शकते इतक्या जोराने सुटते. केजिंग बोल्टने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या बोल्टने) ती आवळून अख्खा चेंबर बदला.