वेगळा तांब्या

"मामांच्या नाकात जंतू सापडलेत. पोराला त्यांच्याजवळ झोपवायचं का नाही, तेवढं सांगा." मंगळवार पेठेतल्या एका सूनबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो, म्हणून त्या घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मामा म्हणजे त्यांचे सासरे, घरातले आबा. आबांनी सत्तरी ओलांडलेली, तरुणपण तालमीत गेलेलं. गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा शस्त्रक्रियेआधी नाकात कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. रिपोर्टात जंतूचं नाव आलं, स्टॅफिलोकोकस ऑरियस. मुलानं रात्री मोबाइलवर ते शोधलं. दुसऱ्या दिवशी आबांचं ताट, तांब्या, अंथरूण सगळं सोप्यात गेलं आणि चार वर्षांच्या नातवाला ताकीद मिळाली, आजोबांकडं जायचं नाही.

आबा सोबत आले होते, पण बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत बोलावलं तर दारात थांबून म्हणाले, "हितनंच बोलतो की." ते ऐकून मला कसंतरीच झालं. या घरात आजारापेक्षा विटाळ आधी शिरला होता.

आत आल्यावर ते थोडं बोलले. "आखाड्यात अंगाला अंग लागायचं, एकाच मातीत लोळायचो. तवा कुणी नाक तपासलं नाही." मी म्हटलं, तपासलं असतं तर तुमच्या जोडीदारांतही सापडला असता, आबा. दहातल्या साधारण तीन धडधाकट माणसांच्या नाकात हा जंतू असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. रिपोर्टनं आजार दाखवलेला नाही, वस्ती दाखवली आहे. तो जखमेतून सांध्यात उतरला तर मात्र त्रास मोठा होतो, म्हणूनच ऑपरेशनआधी शोधतात आणि नाकात लावायला मुपिरोसिनचं जंतुनाशक मलम देतात. दिवसातून दोनदा, पाच दिवस. ते मलम डॉक्टरांनी लिहून दिलंच होतं. घाबरण्याच्या नादात ती चिठ्ठी कुणी नीट वाचली नव्हती.

"म्हणजे पोराला लागणार नाही?"

लागू शकतो, मी स्पष्ट सांगितलं. त्याच्या नाकात तो आधीपासून असेल, हेही शक्य आहे. निरोगी मुलाला सहसा काही होत नाही. टॉवेल आणि दाढीचं सामान प्रत्येकाचं वेगळं हवं, जखम किंवा गळू झाकलेलं हवं, हात धुतलेले हवेत. ताट-तांब्या वेगळा करायचं कारण नाही. घरात कुणाची केमो चालू असेल, अगदी तान्हं बाळ असेल किंवा गळवं पुन्हा पुन्हा येत असतील, तर डॉक्टरांना विचारायचं.

मग मी नातवाच्या सर्दीबद्दल विचारलं. सूनबाई गोंधळल्या. पण मला खरी काळजी त्या बाजूची होती. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस हा जंतूही नाकाच्या मागच्या भागात, घशाच्या वर राहतो, आणि म्हाताऱ्यांपेक्षा लहान मुलांत कितीतरी जास्त आढळतो. मुलांकडून तो आजी-आजोबांकडे जातो. फ्लूसारखा आजार झाला की नाका-घशाचं अस्तर दुबळं होतं आणि तिथं गप्प बसलेला जंतू फुप्फुसात उतरतो. बाळांना न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. नातवाच्या कार्डावर तिन्ही नोंदी होत्या. आबांना मधुमेह, पण त्यांच्या लसीचा विषय घरात कधी निघालाच नव्हता. न्यूमोकोकसची आणि दरवर्षीची फ्लूची, दोन्ही लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, असं कागदावर लिहून दिलं. कवळी रात्री काढून, घासून ठेवायची, हेही लिहिलं. ते बारीक वाटतं, पण तोंडातली घाण झोपेत श्वासाबरोबर खाली जाते. मुलानं "अँटिबायोटिकचा कोर्स करू का?" विचारलं. नुसता जंतू बसलाय म्हणून गोळ्या घेतल्या तर पुढं खरी गरज पडेल तेव्हा त्या चालेनाशा होतात.

उठताना सूनबाई सासऱ्यांकडे न बघता म्हणाल्या, "मामा, तांब्या आत घेते." आबा काही बोलले नाहीत.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर मुलगा भेटून गेला. म्हणाला, पोरगं पुन्हा आजोबांपाशी झोपतंय, पण आबा अजून त्याला मांडीवर घेण्याआधी तोंडाला उपरणं लावतात. पुढच्या खेपेला आबांना एकट्यानं बसवून बोलायचं आहे.