खाडाखोड न करणाऱ्या काकी

मे संपता संपता त्या माझ्याकडे आल्या, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. झोप नाही, छातीत धडधड. ईसीजी नीट, थायरॉईड नीट. खाली डॉक्टरांनी खरडलं होतं, ‘ऑफिसचा ताण दिसतो, बोलून घ्या.’ मालवणच्या बाजारपेठेत माडीवर माझी समुपदेशनाची खोली आहे, तिथला जिना चढून त्या दमल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि पर्समधून राजीनाम्याचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मोत्यासारखं अक्षर. ‘ह्यो उद्या देतंय,’ म्हणाल्या, ‘पण त्याआधी कोणाकडे तरी बोलाचा होता.’

त्यांना इथे काकी म्हणते. वय ५४, एका मच्छीमार सोसायटीत २७ वर्षं कारकून. (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल ते बदललं आहे.) सोसायटीत कॉम्प्युटर आला होता आणि डिझेलचं रजिस्टर आता त्यावर भरायचं होतं. कुठल्या बोटीने कुठल्या तारखेला किती लिटर उचललं, दर काय, सही कोणाची. त्यावरच मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. बोटीचा नोंदणी क्रमांक ‘आयएनडी-एमएच’पासून सुरू होऊन चांगला लांब असतो, त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला की बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, दारात उभा. काकींच्या वहीत तो कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

‘सगळ्यांका येता, माकाच तेवडा येना नाय. पन्नाशी उलाटली माझी. आता काय येतला?’

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी शाळेतल्या बाई विचारतात, कधी घरगुती खानावळ चालवणाऱ्या ताई, कधी निवृत्त पोस्टमन. वयाचं काही नसतं, असं म्हणून त्यांची समजूत काढणं सोपं आहे. पण ते पुरतं खरं नाही. वाढत्या वयात नवं शिकायला वेळ जास्त लागतो, डबल क्लिकसारख्या बारीक हालचालींना तर नक्कीच. मात्र माणूस शिकणं सोडून देतो त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं.

मी माझा लॅपटॉप पुढे केला, माऊस जोडला आणि त्यांना एक फाईल उघडायला सांगितली. बाण स्क्रीनवर नुसता उड्या मारत होता. काकींनी हात मागे घेतला. ‘बघलात? माझ्या हातात कायच चलना नाय.’ तेव्हा मला उमगलं की माझ्या टेबलावर काच आहे. साध्या ऑप्टिकल माऊसला खालच्या पृष्ठभागाचे बारीक फरक दिसावे लागतात, स्वच्छ काचेवर त्याला काही दिसत नाही. मी कालचं वर्तमानपत्र खाली सरकवलं आणि बाण शहाण्यासारखा चालू लागला. दोष काचेचा होता, पण काकींनी तो क्षणात स्वतःच्या नावावर लिहून घेतला होता.

फाईल तरी उघडेना. दोन टिचक्यांच्या मधे त्यांचा हात किंचित सरकायचा, नाहीतर दुसरी टिचकी उशिरा पडायची. विंडोज त्यासाठी साधारण अर्धा सेकंद देतं. उशीर झाला तर कधी कधी फाईलच्या नावाभोवती चौकट येते आणि नाव बदलायची तयारी सुरू होते. काकींना वाटायचं, आपण काहीतरी मोडलं. ही वेळ सेटिंग्जमध्ये जाऊन वाढवता येते. मी ती वाढवली. तिसऱ्या प्रयत्नाला फाईल उघडली.

मग मी चुकले. चुटकीसरशी प्रश्न सुटला अशा थाटात त्यांना क्लासला पाठवलं. दहावीची परीक्षा संपली की पोरांनी एमएस-सीआयटी करायचं, ही २००१पासूनची आपल्याकडची रीत. काकी त्या १६ वर्षांच्या पोरांमध्ये बसल्या. चार दिवसांत परत आल्या आणि आता रक्तदाबही वाढला होता. शिकवणाऱ्याचा दोष नव्हता. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये लिहून ठेवलंय की ‘मला जमेल’ हा भरवसा सगळ्यात जास्त येतो तो स्वतःच्या हातून काम तडीस गेल्यावर, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना पाहून. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत, आणि तरी मी त्यांना नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसवलं.

दुसऱ्या भेटीत मुलाचं निघालं. मुलगा बोटीवर असतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. म्हणजे तो घरी. तो आईला शिकवायला बसायचा. काकी अडल्या की दोन मिनिटंही थांबायचा नाही. ‘आये, सर, मी करतंय.’ माऊस तिच्या हातातून त्याच्या हातात. हे सांगताना त्या रडल्या. राजीनामा कॉम्प्युटरमुळे लिहिला असेल, पण झोप उडाली होती ती या ‘सर’मुळे, असं माझं मत आहे. ज्या बाईकडे गावातले तांडेल हिशोब विचारायला येतात, तिला घरात सरकायला सांगितलं जात होतं.

मुलाला बोलावून घेतलं. वाईट नाही हो, घाईचा आहे. त्याला एकच सांगितलं: आई शिकत असताना दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं. तोंडाने सांग, हात काढायचा नाही. पहिल्या दिवशी त्याला पाच मिनिटांत घाम फुटला म्हणे.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर काकींनी पत्त्यांपासून सुरुवात केली. १९९०मध्ये विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर आलं, ते लोकांना माऊसने उचलून-ओढून ठेवायची सवय लागावी म्हणूनही. काकी जागरणाला रात्रभर पत्ते कुटणाऱ्या. आठवड्यात हात बसला.

खरी गाठ पुढे होती. मला वाटलं होतं, कंट्रोल-झेड शिकवला की भीती पळेल. चुकलं, दाबलं, पूर्ववत. मी मोठ्या उत्साहाने दाखवलं. काकींचा चेहरा उतरला.

‘असा पुसून टाकल्यार कळाचा कसा, काय चुकला होता ता? ही लबाडी झाली.’

मग त्यांनी मला खातेवही कशी लिहितात ते समजावलं. चुकलं तर खरवडायचं नाही, गिरवायचं नाही, व्हाइटनर तर पाप. एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. २७ वर्षांत अशा रेघा त्यांनी किती मारल्या हे त्यांना जवळजवळ तोंडपाठ होतं. चूक म्हणजे कायमची, सहीनिशी राहणारी गोष्ट. अशा माणसाला ‘दाबून बघा, काही होत नाही’ सांगणं म्हणजे त्याच्या इमानदारीवर पाणी ओतणं. त्यांचा हात वयामुळे थबकत नव्हता, धंद्याच्या शिस्तीने थबकत होता.

एका सीए मैत्रिणीला फोन लावला. तिने सांगितलं की कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला कोणता बदल कधी झाला याची नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३पासून बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंदही करता येता कामा नये. सोसायटी म्हणजे कंपनी नव्हे, तो नियम काकींना लागू नाही. पण मी हे सांगितल्यावर त्या खुर्चीत ताठ बसल्या. ‘म्हणजे मी म्हणतंय ताच ना?’ त्यांनी स्वतःच तोड काढली. कॉम्प्युटरशेजारी एक छोटी वही. जतन केलेली नोंद बदलली की वहीत तारीख, आधी काय होतं, आता काय, सही. टाईप करताना बोट घसरलं तर मात्र खुशाल कंट्रोल-झेड. ‘पेन टेकवच्या आधीचा ता,’ असा त्यांचा निवाडा.

जूनच्या शेवटी वेग अडला. मागच्या पावत्यांच्या रोज तेवढ्याच नोंदी, दोन आठवडे. ‘बघा, इतक्याच माझी धाव.’ काकींचे वडील तारखात्यात होते, म्हणून मी त्यांना ब्रायन आणि हार्टरची गोष्ट सांगितली. या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १८९७मध्ये तारयंत्र शिकणाऱ्यांचा वेग मोजून आलेख काढले. तार उतरवून घेण्याचा वेग चढायचा, मग कित्येक आठवडे सपाट, मग पुन्हा चढायचा. त्यांच्या मते त्या सपाट काळात सुटी अक्षरं जुळून शब्द बनत असतात. पुढच्या संशोधकांना असा सपाट टप्पा दर वेळी सापडला नाही, हेही सांगून टाकलं. काकींना आकड्यांत खोट चालत नाही. वडीलही शिकताना असेच अडले होते का, हे विचारायला आता कोणी नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

जुलैत एका दुपारी वादळी पावसात लाईट गेली आणि जतन न केलेल्या २२ नोंदी उडाल्या. हे ऐकून मीच धास्तावले. काकी शांत होत्या. पावत्या फाईलला होत्याच, लाईट आल्यावर पुन्हा भरल्या. छोट्या वहीत लिहिलं, ‘लाईट गेल्याने २२ नोंदी दुबार भरल्या,’ सही. यूपीएसची बॅटरी बदलायचा अर्जही चेअरमनकडे गेला, टाईप केलेला.

१ ऑगस्टला त्यांची शेवटची भेट ठरली होती. त्या आल्या नाहीत. सकाळी ईमेल आली: ‘मॅडम, आज येणे होणार नाही. बोटी सुटल्या. डिझलसाठी रांग आहे.’

चार मिनिटांनी दुसरी: ‘मागील पत्रात डिझल असे पडले आहे ते डिझेल असे वाचावे. सही/-’