‘हौशी’ बँड की ‘स्वावलंबी’ बँड?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : ‘कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी पंक आणि स्का बँडांवर लेख लिहिला. त्यांच्या डीआयवाय वृत्तीला मी हौशी म्हटलं होतं, सरांनी ते खोडून स्वतंत्र केलं. बरोबर कोणतं? आणि अ‍ॅक्टिव्हिस्टला काय लिहू?’

पंक आणि स्का हे संगीताचे दोन प्रकार (स्काबद्दल शेवटी सांगतो), आणि डीआयवाय म्हणजे ‘डू इट युवरसेल्फ’, आपलं काम आपणच करायचं. ‘हौशी’ खोडलं ते योग्यच झालं. मराठीत हौशीची जोडी व्यावसायिकाशी लागते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो तो हौशी संघ, नाटकावर पोट चालवतो तो व्यावसायिक. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारा माणूस या शब्दातून डोळ्यांपुढे उभा राहतो. डीआयवाय पंकवाल्यांपैकी अनेकांनी मात्र अख्खं आयुष्य याच कामात घातलं. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड जगभर वाजवत हिंडला आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवायचं, कुठल्याही वयाच्या श्रोत्याला दारातून परत पाठवायचं नाही, यावर अडून बसला. त्यांना हौशी कसं म्हणणार?

‘स्वतंत्र’ चुकीचा नाही, पण त्याने निम्मंच काम होतं. हा बँड मोठ्या कंपनीच्या ताब्यात नाही एवढं त्यातून कळतं. मग रेकॉर्ड छापतं कोण, पोस्टर चिकटवतं कोण, हे कळत नाही, आणि डीआयवायचा सगळा जीव तर त्यातच आहे. शिवाय आपल्या भागात ‘स्वतंत्र बँड’ म्हटलं की ‘वरातीला स्वतंत्र बँड लावला होता’ हेच आधी कानात वाजतं, म्हणजे वेगळा, निराळा.

हा जीव कुठे आहे ते एका रेकॉर्डवरून दाखवतो. १९८० साली वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडमधली पोरं शाळा-कॉलेजच्या वयाची होती. बँड मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे सहाशे डॉलर गाठीला होते. वाटून न घेता त्यांनी त्यातून स्वतःच्या गाण्यांच्या एक हजार छोट्या रेकॉर्ड काढल्या. पाकिटं करून द्यायला कोणी नव्हतं, म्हणून एका तयार रेकॉर्डचं पाकीट उसवून पसरलं, त्याचा आकार कागदावर उतरवून घेतला आणि मित्रांनी मिळून पाकिटं हातांनी कापली, दुमडली, चिकटवली. डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली ती अशी. स्काच्या बाजूला कॅलिफोर्नियातल्या माइक पार्क यांनी १९९६ मध्ये एशियन मॅन ही कंपनी आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये काढली, आणि दोनच वर्षांनी वंशभेदाविरुद्ध स्का बँडांचा मोठा दौरा उभा केला.

या सगळ्याला माझा शब्द ‘स्वावलंबी’. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला तो नवा नाही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमुचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचं वाक्य आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोरांनी वाचलं आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था काढली. वसतिगृहातली मुलं स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची, पुढे ‘कमवा आणि शिका’ आलं. त्यामुळे आपल्याकडे स्वावलंबी म्हणजे एकट्याने कसंबसं निभावणारा असा अर्थ होत नाही. चारजणांनी हात घालून, कोणापुढे हात न पसरता उभं केलेलं काम, असा होतो. पंकवाल्यांना नेमकं हेच म्हणायचं असतं.

दुसरे शब्द इथे बसत नाहीत. ‘पदरमोड’ फक्त पैशापुरता आहे. ‘लष्कराच्या भाकरी भाजणे’ या कामाला कमीपणा आणतो. ‘आपला हात जगन्नाथ’ कोणीतरी सुचवेलच, पण त्या म्हणीत हवं तेवढं स्वतःच्या पानात वाढून घेण्याची छटा आहे, आणि इथे वृत्ती नेमकी उलटी आहे.

आता अ‍ॅक्टिव्हिस्ट. शब्दशः ‘कार्यकर्ता’, पण आपल्या चौकात कार्यकर्ता म्हणजे एखाद्या पक्षाचा नाहीतर गणेश मंडळाचा. ‘चळवळ्या’ म्हटलं तर वडीलधाऱ्यांना वळवळ्या पोरगं आठवतं. मी ‘चळवळीतला बँड’ लिहीन. गाणं आणि चळवळ एकत्र नांदणं आपल्याला काही परकं नाही. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलसे तमाशाचाच बाज घेऊन जातिभेदावर कोरडे ओढायचे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंचं लाल बावटा कलापथकही त्याच वाटेवरचं. तरी पंक बँडाला ‘कलापथक’ म्हणू नये असं मला ठामपणे वाटतं. कलापथकामागे सहसा एखादी संघटना असते. हे बँड तीही ठेवत नाहीत.

‘स्वावलंबी’ आणि ‘चळवळीतला’ हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी मात्र वापरू नका. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची टू टोन ही स्का संगीताची रेकॉर्ड कंपनी १९७९ साली निघाली. काळे-गोरे वादक एकाच मंचावर, काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चिन्ह आणि वंशद्वेषाला उघड विरोध, अशी तिची ओळख होती. स्पेशल्स हा स्का बँड तिथलाच. ती चळवळीतली होती यात शंका नाही, पण तिच्या रेकॉर्ड क्रिसालिस या मोठ्या कंपनीमार्फत बाजारात जायच्या. म्हणून टू टोनला ‘स्वावलंबी’ म्हणताना मी थांबेन, डिस्कॉर्डला म्हणताना थांबणार नाही.

लेखनाचं थोडं. ‘पंक’ असंच लिहा. संस्कृतात पंक म्हणजे चिखल, पंकजमधला तोच, पण संदर्भ असला की गोंधळ होत नाही. स्का पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खर्च करा : १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमैकात जन्मलेलं संगीत, ज्यात गिटार ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मध्ये तुटक वाजते आणि सोबत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असतात. ही वाद्यं वरातीत ऐकलेल्या वाचकाला त्याहून जास्त समजावून सांगावं लागणार नाही. विभक्ती नेहमीसारखी लावा, स्काचा, स्कामध्ये. आणि सरांना दाखवायचं वाक्य असं करा : ‘हे चळवळीतले, स्वावलंबी पंक बँड आपल्या रेकॉर्ड आपणच काढत.’