भजनी मंडळात पहिल्यांदा बोलणार आहेस ना, मग एवढं कर

ताई, बायकांशी पाळी नि गर्भपात यावर बोलायला पंचवटीतल्या भजनी मंडळापासून सुरुवात करतेयस हे वाचून खूप बरं वाटलं. फक्त पहिल्याच दिवशी गर्भपाताचा विषय नको काढूस, ही चूक आम्ही सगळ्यांनी केलीय. आधी पाळी. संत सोयराबाईंनी, म्हणजे चोखामेळ्यांच्या पत्नीने, अभंगातून विटाळावर थेट प्रश्न विचारलाय, तो अभंग मंडळातल्या बायकांकडूनच म्हणून घे, मग त्या आपणहून बोलतात, माझ्या वेळी एका आजींनी टाळ खाली ठेवले नि म्हणाल्या, चार दिवस मी गोठ्यात झोपायचे गं.

गर्भपाताचा कायदा मात्र पाठ हवा:
- सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची संमती पुरते.
- २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत लागतं.
- गुन्हा आहे तो लिंगनिदान, लोक गर्भपात नि लिंगनिदान यांची हमखास गल्लत करतात.

शाळेतली सेशन्स सध्या राहू देत, दोनतीन बैठका झाल्या की बोलू.